बर्फाच्या मापाचं घर: शहराचा बहुउद्देशीय अरीना चालतो कसा?

५ जानेवारी १९८६ ला अमेरिकेतल्या सिएटल शहरात बास्केटबॉलचा एक सामना पावसामुळे थांबवावा लागला. सामना उघड्यावर नव्हता. डोक्यावर छप्पर होतं आणि गळत होतं तेच. सिएटल सुपरसॉनिक्स आणि फिनिक्स सन्स खेळत होते, पोरं टॉवेल घेऊन लाकडी फरशी पुसत होती, खेळाडू घसरत होते. शेवटी दुसऱ्या क्वार्टरमध्ये पंचांनी खेळ थांबवला आणि उरलेला सामना दुसऱ्या दिवशी उरकला. अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग म्हणजे एनबीए; तिच्या इतिहासात पावसाने बंद पाडलेला हा पहिला सामना.

ते छप्पर आजही जागेवर आहे. त्याच्या खालचं बाकी सगळं मात्र दोनदा बदललं. पहिल्या बदलात सिएटलने हॉकी गमावली, पुढे बास्केटबॉलही गमावलं. दुसऱ्या बदलात छताला धक्का न लावता खाली अख्खी नवी इमारत उभी केली आणि हॉकी आणली. आज तिचं नाव क्लायमेट प्लेज अरीना. बहुउद्देशीय अरीना, म्हणजे खेळ आणि गाण्याचे कार्यक्रम एकाच छताखाली घेणारं बंद प्रेक्षागार, नेमका काय असतो आणि तो चालवणं इतकं किचकट का, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, आइस हॉकी. आपल्याकडची ध्यानचंदांची हॉकी मोकळ्या मैदानावर होते, तिला छप्पर लागत नाही. उत्तर अमेरिकेतली हॉकी बंद इमारतीत, माणसाने गोठवलेल्या बर्फावर, पायात धारदार स्केट घालून खेळतात. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. या खेळाची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग म्हणजे एनएचएल.

आधी माप

सगळी गंमत दोन मापांत आहे. एनएचएलची रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. एनबीएचं कोर्ट ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. क्षेत्रफळ काढलं तर रिंक कोर्टाच्या साडेतीन पटींहून मोठी भरते. दोन्ही खेळ एकाच इमारतीत घ्यायचे आणि दोन्ही वेळेला प्रेक्षकाला नीट दिसायला हवं.

समजा तुम्ही आधी बास्केटबॉलचा विचार केलात. कोर्ट मधोमध ठेवलं आणि खुर्च्यांच्या रांगा थेट त्याच्या कडेपर्यंत आणल्या. बास्केटबॉलचा प्रेक्षक खूश, कारण खेळाडूचा घामसुद्धा दिसतो. आता याच खोलगट जागेत हॉकी आणा. रिंक बसतच नाही. एका टोकाच्या रांगा काढाव्या लागतात, रिंक एका बाजूला सरकते आणि वरच्या मजल्यावरच्या कितीतरी लोकांना त्या टोकाचा गोल दिसत नाही. ज्या खेळात गोल पाहायलाच लोक पैसे मोजतात, तिथे गोलच झाकलेला.

उलट बाजूने गेलात, म्हणजे आधी रिंकचं माप धरलंत, तर इमारत मोठी होते, महाग होते, पण काहीच अडत नाही. बास्केटबॉलच्या दिवशी रिंकच्या टोकांना जी जागा मोकळी पडते तिथे आत-बाहेर सरकणाऱ्या खुर्च्या पुढे ओढायच्या. वरच्या कोपऱ्यांतले प्रेक्षक कोर्टापासून थोडे लांब पडतात, एवढाच तोटा. म्हणून माझं सरळ मत असं की बहुउद्देशीय अरीनाचं माप हॉकीनेच ठरवलं पाहिजे. हॉकीसाठी बांधलेल्या घरात बास्केटबॉल भाड्याने सुखाने राहतं. बास्केटबॉलसाठी बांधलेल्या घरात हॉकी कायम पाय पोटाशी घेऊन झोपते.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात याचा जाहीर प्रयोग झाला. बार्कलेज सेंटर २०१२ मध्ये बास्केटबॉलसाठी उघडलं. २०१५ मध्ये आयलँडर्स हा हॉकी संघ तिथे राहायला आला. रिंक एका बाजूला सरकलेली, त्यामुळे छताला टांगलेला मोठा धावफलक रिंकच्या मध्यावर न येता एका बाजूच्या निळ्या रेषेच्या वर आला (मध्याच्या दोन्ही बाजूंना अशी एकेक रेषा आखलेली असते). एका टोकाला प्रेक्षकांऐवजी जाहिरातीची मोटारगाडी उभी केलेली, कारण त्या कोपऱ्यात बसून बघण्यासारखं काही नव्हतंच. बर्फाबद्दल खेळाडूंच्या तक्रारी होत्या त्या वेगळ्याच. काही वर्षांत संघाने गाशा गुंडाळला आणि २०२१ मध्ये स्वतःच्या नव्या, हॉकीचं माप धरून बांधलेल्या घरी गेला.

सिएटलने हीच चूक त्याच्या वीस वर्षं आधी करून ठेवली होती.

छप्पर एक, इमारती तीन

१९६२ मध्ये सिएटलमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं. स्पेस नीडल हा मनोरा त्याच वेळचा आणि शहरातली मोनोरेलही त्याच वेळची. वॉशिंग्टन राज्याच्या दालनासाठी पॉल थायरी या वास्तुविशारदाने एक विलक्षण इमारत बांधली: चारही बाजूंनी जमिनीकडे झेपावणारं, मधे उंच गेलेलं प्रचंड छप्पर. प्रदर्शन संपल्यावर त्याचं क्रीडागृह झालं आणि १९६७ पासून सुपरसॉनिक्स तिथे खेळू लागले.

गळकं छप्पर आणि अपुऱ्या खुर्च्या यांवर उपाय म्हणून १९९४-९५ मध्ये आतून मोठी दुरुस्ती झाली. जमीन खोल नेली, खुर्च्या वाढवल्या, एका बँकेने पैसे देऊन नाव विकत घेतलं आणि ती इमारत कीअरीना झाली. (पुढे नावाचा करार संपला तरी नवा गिऱ्हाईक मिळेना, म्हणून बँकेचं नाव बरीच वर्षं फुकटच मिरवत राहिलं.) ही सगळी आखणी बास्केटबॉल डोळ्यासमोर ठेवून केली होती. थंडरबर्ड्स हा तरुणांचा हॉकी संघ तिथे खेळायचा, पण सरकलेली रिंक आणि एका बाजूला पडलेला धावफलक सांभाळत. २००९ च्या सुरुवातीला तो शेजारच्या केंट गावातल्या लहानशा नव्या अरीनात निघून गेला.

याच शहराच्या मेट्रोपॉलिटन्स संघाने १९१७ मध्ये हॉकीतला सर्वोच्च मान, स्टॅन्ली कप, जिंकला होता आणि तो जिंकणारा अमेरिकेतला तो पहिला संघ होता. त्या सिएटलला पुढची शंभर वर्षं एनएचएल मिळाली नाही, यामागे कारणं अनेक होती. पण १९९५ नंतरच्या काळात एक कारण तर डोळ्यांसमोर होतं: खेळवणार कुठे?

मग बास्केटबॉलही गेलं. कीअरीना इतर शहरांच्या नव्या अरीनांपुढे लहान पडू लागला. महागड्या खासगी कक्षांना, दुकानांना, स्वयंपाकघरांना जागा नव्हती आणि संघमालकांना पैसा त्यातूनच मिळतो. त्यांनी शहराकडे मोठ्या नूतनीकरणासाठी करदात्यांचा पैसा मागितला. उत्तर मतपेटीतून आलं. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये सिएटलच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने ठराव केला की व्यावसायिक खेळांच्या इमारतीत शहराचा पैसा घालायचा असेल, तर त्यावर निदान सरकारी रोख्यांइतका परतावा मिळालाच पाहिजे. म्हणजे सौम्य शब्दांत नकार. २००८ मध्ये सुपरसॉनिक्स ओक्लाहोमा सिटीला गेले. चाहते आजही त्याबद्दल हळवे आणि संतापलेले आहेत.

मतदार चुकले का? मला नाही वाटत. स्टेडियमवर खर्च केलेला सार्वजनिक पैसा शहराच्या अर्थव्यवस्थेत परत येतो का, याचा अभ्यास करणारे बहुतेक अर्थतज्ज्ञ अनेक दशकं एकच सांगत आले आहेत: सहसा येत नाही. लोक सामन्याला जे पैसे खर्च करतात ते नवे नसतात. एरवी ते सिनेमाला, हॉटेलात गेलेच असते. शहराला अभिमान मिळतो, तो खोटा नाही, पण तो ताळेबंदात धरता येत नाही.

यापुढच्या गोष्टीत एक मराठी नाव येतं. २०१३ च्या जानेवारीत सिएटलच्या एका गटाने सॅक्रामेंटो किंग्ज हा एनबीए संघ विकत घेऊन सिएटलला आणायचा सौदा केला. त्या गटात मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर होते. सौदा जवळपास पक्का झाला होता. पण सॅक्रामेंटोच्या बाजूने दुसरा गट उभा राहिला आणि त्याचं नेतृत्व होतं मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्याकडे. एनबीएच्या संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं आणि किंग्ज रणदिवे यांच्या गटाकडे गेले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तेच किंग्ज इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन सामने खेळायला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आले. एरवी कबड्डीचे सामने आणि गाण्याचे कार्यक्रम होणाऱ्या त्या घुमटाखाली एनबीएचं कोर्ट आलं. पुढच्याच वर्षी कोविडचे रुग्ण ठेवायला तिथे खाटा लागल्या. बहुउद्देशीय या शब्दाचा इतका टोकाचा अर्थ कुठल्याच वास्तुविशारदाने आराखड्यात धरला नसेल.

बामर यांनी २०१४ मध्ये लॉस एंजेलिसचा क्लिपर्स संघ दोन अब्ज डॉलरना घेतला आणि २०२४ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र अरीना उघडला. हॉकीला तिथे जाणूनबुजून जागा ठेवलेली नाही, त्यामुळे खुर्च्या कोर्टाला अगदी भिडल्या आहेत. हॉकीचं माप झुगारलं तर बास्केटबॉल किती जवळून दिसतं याचा तो पुरावा. फक्त एका खेळाची जागा बांधायला बामर यांचा खिसा लागतो, एवढंच.

छप्पर धरून ठेवा, खाली खणा

२०१७ मध्ये शहराने ओक व्ह्यू ग्रुप या कंपनीचा प्रस्ताव निवडला. नवीन जागा शोधायची नाही, जुन्याच छताखाली हॉकीच्या मापाची इमारत करायची. छताला वारसा वास्तूचा दर्जा मिळालेला, म्हणजे ते पाडता येत नव्हतं. वजन ४ कोटी ४० लाख पौंड, आपल्या हिशेबात सुमारे २० हजार टन. उपाय ऐकायला सोपा: छप्पर पोलादी टेकूंवर तोलून धरायचं, खालचं सगळं काढायचं, आणखी खोल खणायचं, नवे खांब उभारून छप्पर त्यांच्यावर सोडायचं. सिएटल भूकंपप्रवण पट्ट्यात आहे. त्यामुळे जितके महिने छप्पर टेकूंवर होतं, तितके महिने त्या टेकूंनाही भूकंपाचा विचार करूनच बांधावं लागलं. २०१९-२० मधली छायाचित्रं मिळाली तर जरूर पाहा: वर १९६२ चं छप्पर तसंच्या तसं आणि खाली नुसता खड्डा.

खेळाची पातळी रस्त्यापासून ५० फुटांहून खाली गेली. म्हणून बाहेरून इमारत अजूनही बसकी, शेजाऱ्यांना न दुखवणारी दिसते आणि आत शिरलं की पायाखाली दरी उघडते. आतलं क्षेत्रफळ साधारण दुप्पट झालं. हॉकीला १७,१५१ प्रेक्षक बसतात, बास्केटबॉलला त्याहून हजारेक जास्त. मधोमध एक अवाढव्य फलक टांगण्याऐवजी दोन्ही टोकांना एकेक त्रिकोणी फलक लावला, त्यामुळे वरून बघणाऱ्याच्या नजरेआड काही येत नाही.

खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला आणि तो खासगी पैशातून झाला. जमीन आणि इमारत मात्र शहराच्याच मालकीची राहिली. कंपनीकडे ३९ वर्षांचा भाडेपट्टा आहे. २००६ चा तो ठराव नसता तर शहराला इतकी घासाघीस करता आली असती असं मला वाटत नाही.

हॉकीला गिऱ्हाईक आहे का, हा प्रश्न २०१८ च्या १ मार्चला निकालात निघाला. हंगामी तिकिटांसाठी अनामत घ्यायला सुरुवात झाली आणि पहिले दहा हजार बारा मिनिटांत आले. तेव्हा संघाला नाव नव्हतं, खेळाडू नव्हते, एनएचएलची मंजुरीही नव्हती. ती डिसेंबरात आली. प्रवेशशुल्क ६५ कोटी डॉलर. संघाचं नाव ठेवलं क्रॅकन, समुद्रातला दंतकथेतला अक्राळविक्राळ प्राणी.

बर्फ: वरून थंड नाही, खालून थंड

आता यंत्रणेकडे येऊ. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं की आत इतकी थंडी असते म्हणून बर्फ टिकतो. तसं नाही. प्रेक्षागारात १५-१६ अंश सेल्सिअस असतं, जाड स्वेटर घातला की निभतं. बर्फ खालच्या काँक्रीटमुळे टिकतो. त्या काँक्रीटच्या लादीत मैलोगणती नळ्या गाडलेल्या असतात आणि त्यांतून शून्याच्या खाली थंड केलेलं मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉलचं मिश्रण सतत फिरत राहतं. हे द्रव गोठत नाहीत, म्हणून तर वापरायचे. त्यांना थंड करणारी यंत्रं वेगळ्या खोलीत असतात. अनेक जुन्या रिंकमध्ये त्यासाठी अमोनिया वापरतात. तो स्वस्त आणि उत्तम, पण विषारी. २०१७ मध्ये कॅनडातल्या फर्नी गावच्या अरीनात अमोनियाची गळती होऊन तीन माणसं दगावली. म्हणून यंत्रांच्या खोलीला हवेची वेगळी सोय आणि गळती ओळखणारी उपकरणं लागतात.

लादीच्या खाली इन्सुलेशन असतं आणि त्याच्याही खाली, आश्चर्य वाटेल, जमीन गरम ठेवण्याची सोय. थंडी हळूहळू मातीत उतरली तर मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि अख्खी लादी वर उचलते, तडकते. बर्फाखाली हीटर लावावा लागतो तो यासाठी.

बर्फ एकदम ओतत नाहीत. पाण्याचा अगदी पातळ फवारा मारायचा, गोठू द्यायचा, पुन्हा मारायचा. काही थर झाले की पांढरा रंग, कारण बर्फ स्वतः पारदर्शक असतो आणि खालचं राखाडी काँक्रीट दिसलं तर काळा पक दिसणार नाही. मग लाल-निळ्या रेषा, वर्तुळं, जाहिराती. त्यावर पुन्हा पाण्याचे थर. इतकं करून एकूण जाडी जेमतेम इंच-सव्वा इंच. जास्त जाड केला तर? थंडी खालून येते, त्यामुळे वरचा भाग तिच्यापासून लांब पडतो आणि मऊ होतो. पातळ केला तर स्केटच्या धारेने खालचा रंग वर येतो. हॉकीला टणक, जलद बर्फ लागतो, साधारण उणे पाच अंशांचा. फिगर स्केटिंगवाल्यांना थोडा मऊ हवा असतो, उडी मारून उतरताना धार रुतायला.

आणि मग येतात प्रेक्षक. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. सतरा हजार माणसं म्हणजे १,७०० किलोवॅट, ओरडण्या-नाचण्याची भर सोडून. शिवाय श्वासातून बाष्प. बाष्प बर्फावर बसलं की वर दवाचा खडबडीत थर धरतो, हवा फार दमट झाली तर रिंकवर धुकं साचतं. म्हणून अरीनातली हवा कोरडी करणारी यंत्रं बर्फ करणाऱ्या यंत्रांइतकीच महत्त्वाची. सामन्याच्या दिवशी बर्फवाले लोक गर्दी आत यायच्या आधीच लादी थोडी जास्त थंड करून ठेवतात.

सामन्याच्या प्रत्येक भागानंतर ओरखडलेला बर्फ सारखा करायला झांबोनी गाडी येते. कॅलिफोर्नियात स्वतःची रिंक चालवणाऱ्या फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये ती तयार केली. पूर्वी तीन-चार माणसं तासभर खपायची, ते काम मिनिटांत होऊ लागलं. गाडी बर्फाचा वरचा पापुद्रा खरवडते, भुगा आत ओढून घेते आणि मागून पाण्याचा पातळ थर पसरते. हे पाणी गरम असतं. गरम पाणी वरचा बर्फ किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं आणि त्यात विरघळलेली हवा कमी असल्याने थर घट्ट बसतो.

सिएटलमध्ये हे पाणी पावसाचं आहे. त्याच छतावरून उतरणारं पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवतात आणि बर्फासाठी वापरतात. टाकी सुमारे १५ हजार गॅलनची, म्हणजे ५५-५७ हजार लिटरची. झांबोनी गाड्या विजेवर चालतात, इमारतीच्या रोजच्या कामातून नैसर्गिक वायू काढून टाकला आहे. २०२० मध्ये ॲमेझॉनने नाव विकत घेतलं आणि त्यावर स्वतःचं नाव न घालता आपल्या हवामानविषयक प्रतिज्ञेचं घातलं. यात जाहिरात किती आणि प्रतिज्ञा किती, ते ज्याने त्याने ठरवावं. पावसाचं पाणी मात्र खरंखुरं वापरतात.

रात्रपाळी

हॉकीचा सामना रात्री दहाच्या सुमारास संपतो आणि दुसऱ्या दिवशी कधी गाण्याचा कार्यक्रम असतो, कधी बास्केटबॉल. बर्फ वितळवून पुन्हा करायला दिवस लागतात, म्हणून हंगामात तो वितळवतच नाहीत. झाकतात. प्रेक्षक बाहेर पडले की रात्रपाळीची माणसं रिंकभोवतीच्या काचा उतरवतात, लागतील तिथल्या पाट्या काढतात, बर्फावर इन्सुलेशनच्या फळ्या एकाला एक जोडून पसरतात. बास्केटबॉल असेल तर त्यावर मेपल लाकडाचं कोर्ट: चार बाय आठ फुटांचे दोनशेच्या वर तुकडे, प्रत्येकाला नंबर, कारण क्रम चुकला तर रेषा जुळत नाहीत. मग बास्केट, मग टोकांच्या खुर्च्या. सराव झालेली टोळी हे काही तासांत करते. लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमधल्या अरीनात हॉकीचा एक आणि बास्केटबॉलचे दोन संघ बरीच वर्षं एकत्र नांदले, तिथे दुपारी एक सामना, रात्री दुसरा, मधे जमीन बदललेली, असे दिवस असायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी पुढच्या रांगेत उभ्या माणसाच्या पायाखाली फळी आणि फळीखाली बर्फ असतो. पाय गार पडले म्हणून कुणी तक्रार केली तर ती खरी असते.

गाण्याच्या दौऱ्यांना खेळांपेक्षा वेगळंच हवं असतं. कितीतरी टन दिवे, ध्वनिवर्धक, पडदे छताला टांगायचे असतात, म्हणजे छताने स्वतःचं वजन पेलून वर ते पेललं पाहिजे. मोठ्या दौऱ्याबरोबर वीस-वीस ट्रक येतात. ते सकाळी रिकामे होऊन रात्री परत भरले पाहिजेत, कारण परवा दुसऱ्या शहरात कार्यक्रम. जुन्या कीअरीनात ट्रक लावायला धड जागा नव्हती. नव्या इमारतीत ट्रकांसाठी जमिनीखाली वाट आणि धक्के केले. प्रेक्षक हे कधीच पाहत नाही, पण कलाकाराचा व्यवस्थापक हेच आधी पाहतो. १९ ऑक्टोबर २०२१ ला या अरीनाचं उद्घाटन झालं तेही फू फायटर्स या रॉक बँडच्या कार्यक्रमाने. क्रॅकनचा पहिला घरचा सामना चार दिवसांनी झाला, व्हँकुव्हरविरुद्ध, आणि क्रॅकन तो हरले.

तारखांचा हिशेब

मंगल कार्यालयाचा मालक जसा वर्षाच्या सुरुवातीला पंचांग घेऊन मुहूर्त मोजतो, तसा अरीनाचा मालक कॅलेंडर घेऊन बसतो. एनएचएलच्या नेहमीच्या हंगामात घरचे सामने चाळीसेक. सरावाचे दोन-तीन धरा. उन्हाळ्यात स्टॉर्म हा महिला बास्केटबॉल संघ वीसेक सामने खेळतो. २०२५ पासून महिलांच्या व्यावसायिक हॉकी लीगचा संघही आला. सगळं मिळून वर्षाच्या चौथ्या हिश्श्याच्या आतबाहेर. उरलेल्या दिवशी दिवे बंद असले तरी कर्जाचं व्याज चालूच, सुरक्षारक्षक चालूच आणि हंगामात बर्फाची यंत्रंही चालूच.

म्हणून हॉकी इमारतीचं माप ठरवते, पण कर्ज फेडायला गाणी लागतात. कार्यक्रमाच्या तिकिटांतला मोठा वाटा कलाकाराकडे जातो. अरीनाला भाडं मिळतं, तिकिटावरचं शुल्क मिळतं, खाण्यापिण्याचा वाटा मिळतो. शिवाय खासगी कक्ष कंपन्यांना वर्षानुवर्षांच्या कराराने दिलेले असतात. कंपनीला हॉकीत रस नसला तरी गाण्याच्या रात्रींसाठी तो कक्ष घ्यावासा वाटतो. ठरावीक मुदतीचं, आगाऊ ठरलेलं उत्पन्न पाहूनच बँका कर्ज देतात. नावाचे हक्क त्याच कारणाने विकायचे.

तारखा ठरवताना दोन्ही बाजूंनी ओढाताण असते. लीगला वेळापत्रक लावायला मोकळ्या तारखांची यादी आधी द्यावी लागते. मोठा गायक मात्र दीड वर्ष आधी शनिवार मागतो. प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरचे बाद फेऱ्यांचे सामने, सुरू झाले की आणखी गुंता. संघ पुढे गेला तर एप्रिल-मेमध्ये घरचे सामने अचानक वाढतात, हरला तर त्या राखून ठेवलेल्या रात्री रिकाम्या पडतात. संघाच्या पराभवाने मालकाचं दोन्हीकडून नुकसान होतं.

एवढी माणसं येणार कुठून आणि जाणार कुठून, हा प्रश्न शहराच्या मध्यभागी बांधल्यावर येतोच. अरीना ज्या आवारात आहे त्या सिएटल सेंटरभोवती गाड्या लावायला जागा तोकडी. तोडगा म्हणून क्रॅकनच्या तिकिटावर त्या दिवशी बस-ट्रेनचा प्रवास फुकट ठेवला आणि ती १९६२ ची मोनोरेल पुन्हा कामाला लागली. मायक्रोसॉफ्ट-ॲमेझॉनमुळे रेडमंड-बेलव्ह्यू भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना गाडी काढायची सवय असते. हॉकीच्या रात्री लेक वॉशिंग्टन या तळ्यापलीकडून इथे गाडीने येऊन पार्किंग शोधणं हा वेगळाच खेळ आहे.

आता पुढचा पेच. एनबीएने सिएटलला परत संघ देण्याचा विचार लपवून ठेवलेला नाही आणि तो आला तर याच छताखाली येईल अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. जागेची अडचण नाही, हॉकीच्या मापात कोर्ट आरामात बसतं. अडचण कॅलेंडरची आहे. ऑक्टोबर ते एप्रिल या सात महिन्यांत आणखी ४१ रात्री जातील. हॉकीच्या धरून ऐंशीच्या वर, आणि त्यातल्या कितीतरी शुक्रवार-शनिवारच्या, ज्या गायकांनाही हव्या असतात. फळ्या आणि कोर्ट रात्रीतून बदलणाऱ्यांचं काम दुपटीने वाढेल. हिवाळ्यात सिएटलला येणाऱ्या काही दौऱ्यांना मग तीस मैलांवरच्या टॅकोमा डोमची वाट धरावी लागेल, कीअरीनाच्या शेवटच्या वर्षांत मोठे कार्यक्रम जायचे तशीच.